पत्रात आहे, वेबसाईटवर नाही

सर, नमस्कार.

मिरज तालुक्यात आमची चार एकर हळद आहे आणि सांगलीत मार्केट यार्डाजवळ छोटं दुकान. हळद पावडर, हळकुंड आणि तासगावकडून घेतलेला बेदाणा विकतो. दुकानाचे हिशेब आणि फोन मी बघते. दीड वर्षापूर्वी ओळखीतल्या एका मुलाकडून ३५ हजारांत वेबसाईट करून घेतली. त्यानं पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा चाळीस शहरांची चाळीस पानं केलीत, कीवर्डही, म्हणजे लोक गूगलवर शोधतात ते शब्द, भरपूर टाकलेत म्हणतो. पण दीड वर्षात ऑर्डरी आल्या सात, त्याही मी ज्यांना व्हॉट्सॲपवर लिंक पाठवली त्यांच्याच. गूगलवर ‘सांगली हळद’ टाकलं की मोठी विक्री पोर्टलं येतात. आमच्या दुकानाचं नाव टाकलं तरी आमची वेबसाईट येत नाही.

आता एका कंपनीचा रोज फोन येतो. महिना १५ हजार, एक हजार बॅकलिंक (म्हणजे दुसऱ्या साईटवरून आमच्या साईटकडे येणारे दुवे), तीस दिवसांत पहिल्या पानावर, गॅरंटी लिहून देतो म्हणतात. धाकटे दीर म्हणतात, वहिनी, पैसे घालवू नका, एआयकडून एका रात्रीत दोनशे लेख लिहून घेऊ, ‘हळदीचे १०१ फायदे’, ‘हळदीने मधुमेह बरा’ असे. सासरे, म्हणजे अण्णा, म्हणतात बंद करा ते सगळं, सौद्यात माल लागला की पैसे हातात येतात.

आमची हळद जगावेगळी आहे असं मी म्हणत नाही. पण काढल्यावर दोन-तीन दिवसांत शिजवतो, पडू देत नाही. काहिलीत फेस आला, वास सुटला की अण्णा हळकुंडात काडी टोचून बघतात. काडी सहज आरपार गेली की उतरवायची. मग पंधरा दिवस उन्हात, रात्री झाकून. पाच किलो ओल्या हळदीची किलोभर वाळलेली होते, म्हणून आमचा दर पोर्टलपेक्षा जास्त. पावडरीला हळकुंडच घेतो, गड्डा, म्हणजे मधला जाड कंद, वेगळा विकतो. पॉलिश करताना वरून रंग लावत नाही, त्यामुळे आमचं हळकुंड दिसायला जरा फिकं असतं, दळल्यावर मात्र रंग उतरतो. हे दुकानात आलेल्याला सांगता येतं. गूगलवरच्याला कसं सांगू?

वेबसाईट बंद करू की १५ हजार भरू?

एक वाचक, सांगली


ताई, नमस्कार.

१५ हजार भरू नका आणि वेबसाईटही बंद करू नका. तुम्ही पत्ता दिला होता म्हणून पत्र वाचून झाल्यावर तासभर तुमची वेबसाईट उघडून बसलो. सगळ्यात आधी गूगलच्या चौकटीत इंग्रजीत ‘साईट’, त्याला चिकटून कोलन आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता टाकून बघितला. असं केलं की त्या वेबसाईटची गूगलला माहीत असलेली पानं साधारण दिसतात. तुमचं एकही पान आलं नाही. पाचव्या पानावर नाही, पन्नासाव्यावर नाही, कुठेच नाही.

मग कॉम्प्युटरवर तुमचं पहिलं पान उघडून कंट्रोल आणि यू दाबलं. पानामागचा कोड दिसतो. वरच्या भागातच एक ओळ होती, तिच्यात ‘नोइंडेक्स’ असा शब्द. त्या ओळीचा अर्थ, हे पान तुमच्या यादीत घेऊ नका. तुमची साईट वर्डप्रेस या साईट बनवायच्या साधनावर आहे. तिथे सेटिंग्जमध्ये ‘रीडिंग’ नावाचं पान असतं आणि त्यात सर्च इंजिनांना साईट इंडेक्स करू नका असं सांगणारी एक छोटी चौकट असते. साईट तयार होत असताना अर्धवट काम लोकांना दिसू नये म्हणून त्यात टिक करतात. काम संपल्यावर ती काढायची असते. तुमची काढायची राहिली. दीड वर्ष तुमची वेबसाईट गूगलला हात जोडून सांगत होती, आत येऊ नका, आणि गूगलनं ऐकलं.

हे अण्णांना समजावून सांगायचं तर यार्डातलंच उदाहरण द्या. माल गाडीतून उतरतो, त्याची नोंद होते, मग बोली लागते. गूगलचंही तसंच आहे. आधी त्याचा रोबो पान वाचून जातो, मग ते पान त्याच्या यादीत चढतं, आणि कुणी काही शोधलं की त्या यादीतलं कोणतं वर ठेवायचं ते ठरतं. तुमचा माल नोंदीपर्यंतच आला नाही. बोली कमी का लागली हा प्रश्न अजून तुम्हाला लागूच होत नाही. आणि रोज फोन करणारी ती कंपनी बोली वाढवून देण्याचे पैसे मागतेय. त्यांनी तुमची साईट एकदा जरी नीट बघितली असती तरी हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. त्यांनी ते सांगितलं नाही, एवढ्यावरून मला त्यांच्याबद्दल जे कळायचं ते कळलं.

आता एक कळकळीची विनंती. हे वाचून आज रात्रीच ती टिक काढू नका. दार उघडण्याआधी घर झाडून घ्यायला हवं, कारण आत जे आहे ते गूगलनं यादीत घेतलं असतं तर तुमचं नुकसानच झालं असतं. दीड वर्ष वाया गेलं हे खरंच वाईट झालं. पण कोरी पाटी हातात आहे, ती नीट वापरा.

पहिल्यांदा ती चाळीस शहरं. ‘पुण्यात सांगली हळद’, ‘नाशिकमध्ये सांगली हळद’, मजकूर अक्षर न् अक्षर तोच, गावाचं नाव तेवढं बदललेलं. वेगवेगळ्या दारांतून लोकांना ओढून एकाच खोलीत आणायचं, यासाठी केलेल्या अशा पानांना गूगलच्या नियमांत स्पॅम म्हटलंय. चाळीसही काढून टाका. नाशिकच्या बाईला काय हवं असतं? अर्धा किलो पाठवाल का, किती दिवसांत येईल, कुरियरचे किती पडतील. याचं एकच पान करा आणि तिथे हे आकडे खरे लिहा.

दुसरं, प्रत्येक पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत शंभरेक शब्द भरलेत. सांगली हळद, बेस्ट हळद, स्वस्त हळद, हळद होलसेल. माणसाला दिसू नये आणि यंत्राला दिसावं म्हणून लपवलेला हा मजकूर. ही युक्ती वीस वर्षं जुनी आणि तितकीच वर्षं पकडली जाणारी आहे. कोडमध्ये कीवर्डची वेगळी यादीही दिलीय. ती निरुपद्रवी आहे, पण निरुपयोगीसुद्धा. क्रमवारी लावताना ती यादी आपण वापरत नाही, हे गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलं होतं. त्या मुलानं वाईट हेतूनं केलं असं मी म्हणत नाही. त्यानं बहुधा कुणाची तरी जुनी टिपणं वाचून काम केलं.

तिसरी चूक मराठी साईटवर मला सारखी दिसते आणि दर वेळी जीव हळहळतो. तुमचं ‘आमच्याविषयी’ हे पान म्हणजे छापील पत्रकाचा फोटो आहे. दराचं पान अक्षरांत आहे, पण ती अक्षरं डीटीपीवाल्याच्या जुन्या फॉन्टमधून जशीच्या तशी चिकटवलेली. आपल्याकडच्या छापखान्यांत वर्षानुवर्षं श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट वापरले जातात. कागदावर ते सुरेख दिसतात. पण त्या जुन्या पद्धतीत ‘ह’ हा ‘ह’ म्हणून साठवलेला नसतो. आत एखादं इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह असतं, वर मराठी आकाराचा मुखवटा. मी तुमच्या दरपत्रकातला ‘हळकुंड’ हा शब्द कॉपी करून साध्या कागदावर चिकटवला, तर कंस, स्वल्पविराम आणि चारदोन इंग्रजी अक्षरं यांचा काला झाला. गूगल नेमकं तेच वाचतं. मुंबईत कुणी ‘हळकुंड’ टाईप केलं तर तुमच्या पानाशी ते जुळणार कसं? हे सगळं युनिकोडमध्ये परत टाईप करा. फोनवर तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर ज्या मराठीत लिहिता, तेच युनिकोड. मजकूर फार असेल तर जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं आहेत, पण नंतर एकेक ओळ वाचून काढा. जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात.

बाकी किरकोळ चुका पटकन सांगतो. सगळ्या पानांची शीर्षकं ‘होम’ आहेत. गूगलवर निळ्या अक्षरांत जी ओळ दिसते ती बहुतेक वेळा याच शीर्षकावरून येते, तेव्हा प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक द्या, ‘हळद पावडर, घरच्या शेतातली, सांगली’ असं साधं. फोटो फोनमधून काढून तसेच चढवलेत, एकेक पाच-सहा एमबीचा. गूगलच्या मोजमापात पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला तर ते पान चांगलं धरतात. गावाकडच्या नेटवर तुमचं पान दिसायला माझ्या घड्याळानं अकरा सेकंद लागली. फोटो लहान करून चढवा, काम झालं. आणि मोबाईलवर उघडलं की दराचा तक्ता गायब होतो, जागा वाचावी म्हणून वगळला असेल. गूगल आता साईटचं मोबाईलवरचं रूपच वाचतं. तिथे जे नाही ते नाहीच.

आता ज्यासाठी हे उत्तर एवढं लांबवलं तिकडे येतो.

तुमच्या पत्रातला तो परिच्छेद मी तीनदा वाचला. काहिलीत फेस येतो, वास सुटतो, अण्णा काडी टोचून बघतात. पाच किलोची किलोभर होते म्हणून दर जास्त. वरून रंग लावत नाही म्हणून हळकुंड फिकं दिसतं. मग वेबसाईटवर हे शोधायला गेलो. तिथे काय लिहिलंय? ‘आम्ही सर्वोत्तम गुणवत्तेची हळद वाजवी दरात उपलब्ध करून देतो. ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय.’ ताई, हे वाक्य हळदीऐवजी फर्निचरला लावलं तरी चालेल. ते कुणाचंही आहे, तुमचं नाही. जे तुमचं आहे ते तुम्ही मला पत्रात लिहून पाठवलंत.

तुम्ही विचारता, गूगलवरच्याला कसं सांगू? असंच. हाच परिच्छेद, याच शब्दांत. दुकानात गिऱ्हाईक जे विचारतं ते पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवा. यंदाची आहे की गेल्या वर्षीची? रंग का फिका? लोणच्याला कुठली घालू? लग्नातल्या हळदीला किती लागेल? हळकुंड घरी दळलं तर चालेल का, मिक्सरचं पातं मोडणार नाही ना? गड्डा स्वस्त का? हे प्रश्न तुमच्या गल्ल्यासमोर येतात तसेच ते रात्री अकरा वाजता कुणीतरी फोनमध्येही टाईप करतं. पोर्टलकडे याची उत्तरं नसतात. त्यांनी हळद शिजवलेली नाही. ‘सांगली हळद’ या दोन शब्दांवर तुम्ही त्या पोर्टलांच्या वर जाल असं मी सांगणार नाही, बहुधा जाणार नाही. पण ‘हळकुंड फिकं का दिसतं’ असं विचारणाऱ्या माणसाला तुमचं पान सापडू शकतं, आणि तो माणूस दोन शब्द टाकणाऱ्या दहा जणांपेक्षा विकत घ्यायच्या जास्त जवळ आलेला असतो.

शब्दांचीही एक गोष्ट. तुमच्या बेदाण्याच्या पानावर सगळीकडे बेदाणा, बेदाणा, बेदाणा. तासगावच्या सौद्यात तो शब्द बरोबर आहे. पण पुण्यामुंबईच्या किती घरांत मनुकेच म्हणतात, आणि हिंदी बोलणारा किशमिश शोधतो. म्हणून एक सरळ वाक्य लिहा, ‘बेदाणा म्हणजे बिनबियांचे मनुके, हिंदीत किशमिश.’ शब्दाचा मूळ फारसी अर्थच बिनदाण्याचा असा आहे, त्यामुळे हे सांगणं ओढूनताणून आणलेलं वाटणार नाही. तिन्ही शब्द एकदा नैसर्गिकपणे आले की पुरे, तेच दहा वेळा घुसवू नका. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी वेगळं इंग्रजी पान करायचं असेल तर स्वतंत्र पत्त्यावर करा आणि इंग्रजी बरं येणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या. साईटवर कोपऱ्यात भाषा बदलायचं जे बटण बसवलंय, ते समोर बसलेल्याला तेवढ्यापुरतं भाषांतर दाखवतं. गूगलच्या यादीत त्यानं इंग्रजी पान तयार होत नाही.

आणि सांगली हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. तुम्ही त्याचे नोंदणीकृत अधिकृत वापरकर्ते असाल तर पानावर ठळक लिहा. नसाल तर ते चिन्ह लावू नका, आधी नोंदणीची चौकशी करा.

दिरांबद्दल. त्यांचा हेतू घरचे पैसे वाचवण्याचा आहे, त्यांना दुखवू नका. पण दोनशे लेख नकोत. एआयनं लिहिलं म्हणून गूगल पान बाद करतं असं नाही. मात्र क्रमवारीत वर येण्यासाठी ढिगानं तयार केलेली, वाचणाऱ्याच्या काही उपयोगाची नसलेली पानं, ती माणसानं लिहिलेली असोत की यंत्रानं, मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत स्पष्टपणे धरली जातात. ‘हळदीने मधुमेह बरा’ हे तर गूगलचं प्रकरणच नाही. १९५४ चा औषधं आणि जादुई उपाय यांच्या जाहिरातींचा कायदा आहे. ज्या आजारांवर इलाज असल्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आणि कर्करोग दोन्ही येतात. उद्या एखादी आजी तुमचं पान वाचून गोळी बंद करेल. हळद विकणाऱ्या चांगल्या घरावर हे ओझं कशाला? दिरांना दुसरं काम द्या, फोटो लहान करायचं आणि दरपत्रक युनिकोडमध्ये आणायचं. एआयचा उपयोग तिथे शुद्धलेखन तपासायला जरूर करू देत.

आता त्या एक हजार बॅकलिंकांबद्दल. इथे मला माझी एक चूक सांगावी लागेल.

२०११ मध्ये मी नोकरीत होतो आणि साताऱ्याजवळ कासच्या रस्त्याला असलेल्या एका लॉजची वेबसाईट माझ्याकडे होती. मालक नवरा-बायको, स्वतः चुलीवरचं जेवण करून घालायचे. दुसऱ्या साईटवरून तुमच्या साईटकडे येणारा दुवा गूगल शिफारशीसारखा धरतं, म्हणून दुवे विकत घ्यायची तेव्हा सर्रास पद्धत होती. मीही पाचशे घेतले. कुठल्या कुठल्या परदेशी, कुणी न वाचणाऱ्या साईटवरून. दोन महिन्यांत लॉज पहिल्या पानावर. मालकांनी मला घरी बोलावून जेवायला घातलं. मग २४ एप्रिल २०१२ ला गूगलनं पेंग्विन नावाचा बदल आणला, असे बनावट दुवे हुडकणारा, आणि आमची साईट दिसेनाशी झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये पश्चिम घाटाबरोबर कास पठार युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. सगळा देश कास शोधत होता आणि त्या रस्त्यावरचं ते लॉज गूगलवर कुणाला सापडत नव्हतं. नको असलेले दुवे नाकारायची सोय गूगलनं ऑक्टोबर २०१२ मध्ये दिली. तोवर फुलांचा हंगाम सरला होता. मालक मला एक शब्द बोलले नाहीत. मी मात्र ते विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून कुणालाही दुवे विकत घ्यायला सांगितलेलं नाही.

आता गूगल असे दुवे बहुतेक वेळा मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. आणि मुद्दाम केलेलं दिसलं तर गूगलची माणसं साईटवर थेट कारवाईही करतात. खरा दुवा कसा मिळतो? तुमची हळद घेणाऱ्या एखाद्या मसालेवालीनं आपल्या साईटवर तुमचं नाव लिहिलं, शेतीवर लिहिणाऱ्या कुणी तुमच्या शिजवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिलं. असे चार पुरतात.

पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कुणीच देऊ शकत नाही. हे माझं मत नाही, स्वतः गूगल व्यावसायिकांना असं सांगतं, आणि सुधारणांचा परिणाम दिसायला साधारण चार महिने ते वर्ष लागतं असंही सांगतं. पुढे कधी कुणाला काम द्यायचं झालंच तर त्याला एवढंच विचारा, पहिल्या महिन्यात माझ्या साईटवर नेमकं काय बदलणार ते लेखी द्याल का? जो दुवे मोजून दाखवेल त्याला नमस्कार करा. जो आधी तुमच्या सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साईट गूगलवर कशी दिसते ते मालकाला दाखवणाऱ्या गूगलच्या सोयीत, बघू द्या म्हणेल त्याच्याशी बोला.

त्यावरून सर्वांत महत्त्वाचं काम आठवलं, ते उद्याच करा. तुमचं डोमेन, म्हणजे वेबसाईटचा पत्ता, कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर घेतलाय? पत्रावरून मला दाट शंका आहे की तो त्या मुलाच्या खात्यात असेल. ते तुमच्या दुकानाच्या ईमेलवर करून घ्या, होस्टिंग (साईट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा) आणि वर्डप्रेसचे पासवर्डही. भांडण नको, शांतपणे मागा, थोडे पैसे द्यावे लागले तरी द्या. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून आपण रान कसत नाही.

नंतर सर्च कन्सोलवर साईट जोडा. गूगलचीच सोय आहे, फुकट. आत साईटमॅप द्यायचा, म्हणजे तुमच्या पानांची यादी. आणि सगळी झाडलोट झाली की मग वर्डप्रेसमधली ती टिक काढायची. पहिलं पान तपासून ‘इंडेक्स करा’ अशी विनंतीही तिथूनच करता येते. काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, पानं यादीत यायला लागतील. सुरुवातीला रोज बघू नका, जीव टांगणीला लागतो. पंधरा दिवसांनी एकदा बघा. लोकांनी कुठले शब्द टाकले तेव्हा तुमचं पान दिसलं, आणि किती जणांनी त्यावर बोट ठेवलं, हे तिथे कळतं. अनपेक्षित शब्द दिसला तर त्याचं उत्तर तुमच्या पानावर आहे का ते तपासा.

हे वाचणाऱ्या ज्यांच्या साईट जुन्या आहेत आणि गूगलवर नीट दिसतात, त्यांनी पानं अशी सरसकट काढू नयेत. त्यांनी पत्ता बदलला तर जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळण, म्हणजे ३०१ रीडायरेक्ट, लावायला हवं, नाहीतर कमावलेलं सगळं जातं. ताईंचं यादीत काहीच नव्हतं म्हणून त्यांना मोकळीक आहे.

गूगल मॅपवरचं तुमचं दुकान मी बघितलं. नावापुढे ‘बेस्ट सांगली हळद होलसेल रिटेल’ अशी शेपटी जोडलीय. पाटीवर जे नाव आहे तेवढंच ठेवा, शेपटीमुळे ती नोंदच बंद होऊ शकते. वेळ, फोन, सुट्टीचा वार बरोबर करा. चांगला अभिप्राय दिला तर पाव किलो हळद मोफत असं कधी करू नका, तेही नियमात बसत नाही. समाधानानं गेलेल्या गिऱ्हाइकाला ‘वेळ मिळाला तर दोन ओळी लिहा’ म्हणालात तर बरेच जण लिहितात. सांगलीतल्या सांगलीत गिऱ्हाईक वाढवायचं असेल तर वेबसाईटच्या आधी ही नोंद फळ देईल.

अण्णांशी वाद घालू नका. सौद्यातून घर चालतं हे त्यांचं म्हणणं खरं आहे, सौदा सोडायचाही नाही. त्यांच्याकडून फक्त एक संध्याकाळ मागून घ्या. तुमच्या वहीतले प्रश्न त्यांना विचारा आणि ते बोलतील ते फोनवर रेकॉर्ड करा. काडी का टोचायची, किती वेळानं टोचायची, जास्त शिजली तर काय होतं, कमी शिजली तर काय होतं. ते जसं बोलतात तसं उतरवून काढा, त्याला पुस्तकी वळण देऊ नका. ते तुमच्या साईटवरचं सगळ्यात चांगलं पान होईल.

आणि जानेवारी-फेब्रुवारीत काढणी सुरू झाली की काहिलीजवळ उभं राहून त्यांच्या हाताचा एक फोटो घ्या. चढवताना वर्डप्रेस ‘ऑल्ट टेक्स्ट’ म्हणून एक रिकामी जागा देतं. फोटोत काय आहे हे ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवण्यासाठी ती असते, गूगलही ती वाचतं. तिथे कीवर्ड भरू नका. लिहा, ‘शिजलेल्या हळकुंडात काडी टोचून बघताना अण्णा.’